दाखल्यावरचा टक्का आणि हातातले काम

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीलगत होसूरचा हमरस्ता आहे. पाळी सुटल्यावर तिथे वाहनाची धडक बसून हात जायबंदी झाला, तर? प्लास्टर निघते, पण यंत्रावर हात पूर्वीसारखा चालेलच असे नाही.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावता येतो. त्यासाठी बंगळूरच हवे असे नाही; सांगली-कोल्हापूरला राहायला परतला असाल, तर तिथेही चालते. मात्र २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, दिरंगाई नको.

खरी मेख पुढेच! अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईतले नुकसान नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच समजावले: हात गमावलेल्या सुताराची रोजी पूर्ण बुडू शकते, कारकुनाची नोकरी टिकू शकते.

म्हणून पगारपत्रके, औषधांची बिले, एफआयआरची नक्कल जपा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घडवून आणा. स्वतः साक्ष देताना ‘फार दुखतं’ एवढ्यावर थांबू नका; पूर्वी कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय जमत नाही, ते सांगा. तिखटमीठ मात्र लावू नका. उलटतपासणीत एक खोटे उघडे पडले, की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.