चंद्रसूर्याला न विचारणारं पंचांग

आपलं पंचांग तिथीवर चालतं आणि तिथी चंद्रावर. बालीतही असं पंचांग आहे. तिथला न्येपी हा मौनाचा सण आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतो आणि शकाचा आकडाही आपलाच. पण देवळांचे उत्सव आणि माणसांचे वाढदिवस बहुतेककरून ठरतात ते ‘पावुकोन’वर. त्यात ना चंद्र, ना सूर्य, ना ऋतू. २१० दिवस मोजायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. किती आवर्तनं झाली, याची नोंदही ठेवत नाहीत.

२१०च का? शाळेतला लसावि आठवा : पाच, सहा आणि सात यांचा लसावि २१०. बालीत एकाच वेळी दहा आठवडे चालू असतात, एका दिवसाच्या आठवड्यापासून दहा दिवसांच्या आठवड्यापर्यंत. त्यामुळे एकाच दिवसाला अनेक नावं. सातांच्या आठवड्यातले सोमा, अंगारा, बुदा, सुक्रा हे वार आपल्याला लगेच ओळखू येतात. पाचांचे दिवस मात्र निराळे : पाइंग, पोन, वागे, क्लिवोन, उमानिस.

सण म्हणजे या नावांची गाठ. बुदा (बुधवार) आणि क्लिवोन दर ३५ दिवसांनी एकत्र येतात, म्हणजे एका आवर्तनात सहा वेळा. त्यांतली अकराव्या सप्ताहातली गाठ, ७४वा दिवस, म्हणजे गालुंगान. त्या सुमारास पितर घरी येतात आणि दहा दिवसांनी, कुनिंगानला, परत जातात. आवर्तनाच्या १४व्या दिवशी लोखंडी हत्यारांची पूजा होते. आता त्या रांगेत मोटारी आणि स्कूटरही असतात. आपल्या दसऱ्याची आठवण होणारच.

खरी गंमत पुढे आहे. चार, आठ आणि नऊ यांनी २१०ला पूर्ण भाग जात नाही. मग काय करायचं? नऊंच्या आठवड्यात पहिल्या दिवसाचंच नाव सलग चार दिवस चालवतात. चार आणि आठांच्या आठवड्यांत ७१वा दिवस ७२ आणि ७३लाही तसाच राहतो. हिशेब चुकत नाही, चुकू दिला जात नाही! एक, दोन आणि दहांचे दिवस तर क्रमानं मोजतच नाहीत. पाचांच्या आणि सातांच्या प्रत्येक दिवसाला एक आकडा ठरलेला आहे. त्या दोन आकड्यांच्या बेरजेवरून ही नावं निघतात. क्लिवोनचे आठ आणि बुदाचे सात, म्हणून गालुंगानची बेरीज नेहमी पंधरा.

इंग्रजी वर्षाशी या चक्राचं काही देणंघेणं नाही. २०२४ साली गालुंगान २८ फेब्रुवारीला झाला, मग २५ सप्टेंबरला. पुढचा २३ एप्रिल २०२५ला. तिन्ही बुधवारच.