आधी अडचण जाणा, मग उपाय शोधा

अलीकडे शिक्षणक्षेत्रात ‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. नाव परके असले तरी विचार आपणांस परका नाही. ज्याची अडचण आहे त्याच्याकडे जाऊन ती समजून घ्यावयाची, नेमका प्रश्न ठरवावयाचा, अनेक उपाय सुचवावयाचे, त्यांतील एकाचा साधा नमुना करून पाहावयाचा व अनुभवानुसार सुधारावयाचा, एवढीच ही पद्धत. तथागतांनीही आधी दुःख, मग त्याचे कारण व त्यानंतर मार्ग सांगितला. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याकडे शिकले, त्या प्रा. जॉन ड्युई यांनी विचाराची सुरुवात जाणवलेल्या अडचणीतून होते, असे १९१० मध्येच मांडले होते.

आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे दगावली. कुंभस्नानावर आमची श्रद्धा नाही. पण चेंगरून मरणाऱ्याचे दुःख आमचेही आहे. २०१५ च्या मेळ्यापूर्वी मूळचे नाशिकचे व अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ शिबिरे भरली. त्यांतून शाळकरी वयाचा निलय कुलकर्णी व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘आशिओतो’ नावाची चटई तयार केली. पावलाचा दाब नोंदवून ती माणसे मोजते. गर्दी कोठे वाढते आहे हे वेळीच कळले, तर लोकांना दुसरीकडे वळविता येते. प्रत्येक यात्रेकरूजवळ मोबाइल नसतो, पाऊल मात्र प्रत्येकाचे जमिनीवर पडतेच!

अशी यंत्रे आपल्या मुलांना कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल. पण सुरुवातीला यंत्र लागतच नाही. समजा, द्राक्षबागांच्या छाटणीत दिंडोरी परिसरातील एखाद्या मजुराची मुलगी शाळेत गैरहजर राहू लागली. ‘अभ्यासाची आवड नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. विद्यार्थ्यांच्या गटाने घरी जाऊन विचारले तर कदाचित कळेल, की आई सकाळीच बागेत जाते व धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी थांबते. मग प्रश्नच बदलतो. शाळेच्या वेळात या बाळाला कोण सांभाळणार? याचे दहा उपाय मुलांनीच सुचवावेत; त्या वेळी मोठ्यांनी गप्प बसावे, आणि हेच सर्वांत अवघड आहे. त्यांतील एक निवडून विहारात आठ दिवस करून पाहावा. बाळे तेथे रमत नसतील, तर जागा बदलावी, माणूस बदलावा. गोड्या बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर धरते. तेव्हा घरोघरची विचारपूस वर्षावासाच्या आरंभीच सुरू करावी लागेल.