शोपँचा विसरलेला शेजारी: आल्काँ 🎹

पियानो म्हटलं की आपली गाडी शोपँ-लिस्टवरच थांबते. पण पॅरिसमध्ये शोपँचा मित्र आणि शेजारी असलेला शार्ल-व्हॅलँतँ आल्काँ (१८१३-१८८८) ऐकाच!

१८५७ मध्ये त्याचे १२ एत्यूद (सरावासाठीच्या रचना) छापून आले. त्यातल्या तीन एत्यूदांचा मिळून एक कन्चेर्तो होतो. पण कन्चेर्तोत एरवी असणारा वाद्यवृंद नाहीच; सगळं एकट्या पियानोवर, सुमारे ५० मिनिटं! बारांतला शेवटचा एत्यूद ‘इसापची मेजवानी’ म्हणजे ८ बारची चिमुकली धून आणि तिची २५ रूपं. एका रूपात तर चक्क कुत्री भुंकतात.

आल्काँ गेला आणि मैफलींना त्याचा जवळजवळ विसरच पडला. १९३२ मध्ये त्याच्या बाजूने ठामपणे लिहिलं ते कैखुश्रू सोराबजींनी. वडील मुंबईचे पारशी अभियंते, स्वतः इंग्लंडमधले संगीतकार. पुढे रेमंड ल्यूवेन्थॉल आणि रोनाल्ड स्मिथ यांनी या रचना पुन्हा मंचावर आणल्या.

बुलडाणा, खामगाव, चिखलीत पियानो-कीबोर्ड शिकणाऱ्या मित्रांनो, आल्काँची ‘बारकारोल’ (ओपस ६५, क्र. ६) छोटी आणि गोड आहे. नोटेशन नेटवर मोफत मिळतं. पुढच्या कार्यक्रमात ती नक्की वाजवा!