येशूच्या मृत्यूची भविष्यवाणी खरंच आधी लिहिली होती का? वाद मजकुराचा नाही, वाचनाचा आहे

गुड फ्रायडे जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. येशूच्या मृत्यूची भविष्यवाणी ७०० वर्षं आधीच लिहून ठेवली होती, असं त्यात असतं. त्याखाली लगेच कुणीतरी लिहितं, 'हे सगळं नंतर घुसडलेलं आहे.' गोंदिया-भंडाऱ्याकडे ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. शेजारी जाऊन विचारावं असं कुणी सहसा सापडत नाही, आणि वाद मोबाइलवरच राहतो. खरं तर दोन्ही मेसेज अर्धवट आहेत.

बायबलचा 'जुना करार' म्हणजे मुळात यहुद्यांचा हिब्रू धर्मग्रंथ. त्यातल्या यशया या पुस्तकाच्या ५३ व्या अध्यायात देवाच्या एका सेवकाचं वर्णन आहे. लोकांनी तुच्छ मानलेला, दुसऱ्यांच्या अपराधांची शिक्षा भोगणारा, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहणारा. ख्रिस्ती माणसाला हे वाचताना थेट क्रूस दिसतो. २२ व्या स्तोत्राचंही तसंच. त्यात छळ होणाऱ्या माणसाचे कपडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले जातात. शुभवर्तमानांत रोमी शिपाई येशूच्या कपड्यांचं हेच करतात.

मग हे नंतर घुसडलं का?

नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७ मध्ये चामड्याच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाचं जवळपास संपूर्ण पुस्तक आहे, हा अध्यायही आहे आणि ती प्रत येशूच्या जन्माआधीची आहे. मात्र ७०० चा आकडाही सर्वमान्य नाही. पुस्तकाचा हा भाग इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणजे मजकूर जुनाच आहे. प्रश्न एवढाच, की तो सेवक कोण?

'मसीहा' म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. 'ख्रिस्त' हा त्याचाच ग्रीक प्रतिशब्द. हिब्रू ग्रंथात हा शब्द प्रामुख्याने राजांसाठी येतो. यशयाने तर इराणचा राजा कोरेश (सायरस) यालाही तो लावला आहे. पण ५३ व्या अध्यायात हा शब्द एकदाही नाही. उलट त्याच पुस्तकात आधी इस्राएल लोकांना देवाचा सेवक म्हटलं आहे. म्हणूनच ११ व्या शतकातले प्रसिद्ध यहुदी भाष्यकार राशी यांच्या मते हा सेवक म्हणजे छळ सोसणारा इस्राएल समाज.

ख्रिस्ती बाजू समजायला शिष्यांची अडचण लक्षात घ्यावी लागते. मसीहा येईल आणि राज्य करील, अशी अपेक्षा होती. इथे तर तो गुन्हेगारासारखा मारला गेला. नियमशास्त्रात खांबावर टांगलेला माणूस शापित मानलेला! येशू पुन्हा उठला या विश्वासातून शिष्यांनी जुने ग्रंथ पुन्हा उघडले, आणि ज्या उताऱ्यांकडे मसीहाच्या संदर्भात फारसं कुणी पाहत नव्हतं, तिथे त्यांना या मरणाचा अर्थ सापडला. मरण म्हणजे पराभव नव्हे, इतरांच्या पापांसाठीचं बलिदान, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथला. ही श्रद्धा आहे. गुंडाळ्यांचं वय मोजून ती खरी किंवा खोटी ठरत नाही.

मराठीत हे कसं आलं?

फार पूर्वी. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या! त्याचे भागही बोलके आहेत: पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं.

पण हिब्रू ग्रंथ आपला मानणारे मराठी लोक कोकणात आधीपासून होतेच: बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली'. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. बेने इस्रायलांनी मूळ ग्रंथ वाचला तर त्यांना त्यात येशू दिसेल, अशी मिशनऱ्यांची आशा होती. मिशनच्या शाळांत ही मुलं शिकली, हिब्रूही शिकली. धर्म मात्र फारच थोड्यांनी बदलला. पुढे याच समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रूतली यहुदी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली.