फडालाही एम.डी. लागतो

गळीत हंगाम भरात असला की आमच्या कार्यालयात येणारे सभासद तोडणीची पाळी विचारतात, बिलाची तारीख विचारतात, नाहीतर सवलतीच्या साखरेची चौकशी करतात. परवा आलेले एक सभासद मात्र निराळाच कागद घेऊन आले. सोबत त्यांची कन्या. मुलगी बी.कॉम. झालेली, आता तिला कला-संस्थांच्या व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावयाचा आहे. माहितीपत्रक टेबलावर टाकून तात्या म्हणाले, "हे बघा हो जरा. नाटक-तमाशाचा मॅनेजर व्हायला दोन वर्षं कॉलेज? आमच्या जत्रेत फडाचा मॅनेजर येतो, त्यानं कुठलं कॉलेज केलंय?"

प्रश्न रास्त होता. चहा सांगितला आणि विषय निघाला. सभासद बंधू-भगिनींच्या घरी असे कागद आता येऊ लागतील, म्हणून तो इथे मांडत आहोत.

साखर करणं हेही एके काळी पाहून पाहून शिकण्याचंच काम होतं. पॅनवरचा जुना माणूस नजरेनं दाणा ओळखायचा. तरीसुद्धा १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी स्वतःची संस्था काढली, तीच आजची मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सहकारी संस्थांचा कारभार शिकवायला वैकुंठभाई मेहतांच्या नावाची राष्ट्रीय संस्था पुण्यातच आहे. केमिस्ट, अकौंटंट, कार्यकारी संचालक शिकलेला हवा, यावर आज सर्वसाधारण सभेत कुणी हात वर करून हरकत घेत नाही.

कलेच्या बाबतीत ही जाग परदेशात १९६० नंतरच्या दशकात आली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयात नाट्यसंस्थेच्या कारभाराचं पदव्युत्तर शिक्षण त्याच काळात सुरू झालं. १९६६ मध्ये बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नाटक, संगीत, नृत्य यांच्या जमाखर्चावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा ऊसवाल्याला चटकन कळेल. साडेबाराशे टनी कारखाना पाच हजार टनी केला तर कामगार चौपट लागत नाहीत. टनामागची मजुरी उतरते. पण गवळणीचं काय? पन्नास वर्षांपूर्वी ढोलकीवाला, मावशी, पेंद्या जेवढे लागत तेवढेच आजही लागतात. ढोलकी दुप्पट वेगानं बडवून गवळण निम्म्या वेळात उरकता येत नाही. त्या माणसांना तेल-मीठ मात्र आजच्या भावानं घ्यावं लागतं. म्हणजे खर्च चढत जाणार आणि माणसामागं काम तेवढंच निघणार. फड तोट्यात गेला की आपण चावडीवर बसून म्हणतो, मालकाला कारभार जमला नाही. अहो, कारभार नेटका असला तरी हा चढ संपत नाही. म्हणूनच गाडी हाकणारा जाणता पाहिजे.

मग त्या दोन वर्षांत शिकवतात काय? अंदाजपत्रक, करारमदार, लेखनहक्काचा कायदा, प्रेक्षक कसा जोडावा आणि टिकवावा, देणग्या कशा मिळवाव्यात, हिशेब कसा दाखवावा. शिवाय एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष राबावं लागतं. तिकडच्या बऱ्याच नाट्यसंस्था नफा न वाटणाऱ्या असतात. त्यांना संचालक मंडळ असतं आणि मॅनेजरनं त्यांच्यापुढं ताळेबंद ठेवायचा असतो. हे ऐकून तात्या हसले. "म्हणजे आपल्यासारखंच की!" लाभांश सोडला तर बरंचसं तसंच.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पण तिथला मुख्य भर कला शिकण्यावर. नाटक मंडळींना कारभार शिकवण्यासाठी इंडिया थिएटर फोरम, बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून यांनी मिळून 'स्मार्ट' नावाचा अभ्यासक्रम काढला, तो काम सांभाळून करायचा. चांगलं पाऊल आहे. आमची तक्रार एवढीच, की या सगळ्या शिक्षणाच्या डोळ्यांपुढं शहरातलं नाट्यगृह असतं. आमच्या डोळ्यांपुढं नारायणगाव आहे.

नारायणगावच्या राहुट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथं जातात, राहुटीत मॅनेजर गादीवर बसलेला, पुढ्यात तारखांची वही. घासाघीस होते, इसार दिला जातो, तारीख लिहिली जाते. मोठ्या फडात शंभरावर माणसं, ट्रक, तंबू, दिवे. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, जवळजवळ आपल्या गळिताबरोबरचा. आणि शब्दसुद्धा आपलाच, उचल! आपण पहिली उचल घेतो, तोडणी कामगार उचल घेतो, तसा फडातला कलावंतही हंगामापूर्वी मालकाकडून उचल घेतो. मालक ती कुठून आणतो? बहुधा सावकाराकडून. हंगामभर तंबूत तिकिटावर खेळ करीत पोट चालवायचं आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर कर्ज फेडायचं, असा हा मामला.

२०२० साली टाळेबंदी लागली ती २५ मार्चला, नेमक्या पाडव्याच्या दिवशी. उचली वाटून झालेल्या, आणि जत्राच बंद. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा निर्बंध. दोन चैत्र गेले. सावकाराचं व्याज काही थांबलं नाही. कारखान्याचा एखादा हंगाम बुडाला तर दाराशी जायला जिल्हा बँक आहे, शिखर बँक आहे, कारण आपल्याकडे ताळेबंद आहे. फडाच्या वहीवर कोणती बँक पैसे देईल? कला-व्यवस्थापनाची पदवी घेतलेलं माणूस उपयोगी पडेल ते या ठिकाणी. वहीचा ताळेबंद करणं, कलावंतांचा विमा उतरवणं, सुपारीचा लेखी करार करणं. फडमालक असा माणूस पगारावर ठेवील का, ही शंका आम्हालाही आहे. एकट्या फडाला न झेपलं तर पाच-सहा फडांनी मिळून ठेवावा. आपण ऊसवाले दुसरं काय करीत आलो?

तात्यांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं, "पगार किती मिळंल?" खोटं कशाला सांगा, बँकेतल्या नोकरीएवढा सुरुवातीला मिळणार नाही असंच आम्ही सांगितलं. प्रवेशाआधी पोरीला नारायणगावच्या एखाद्या राहुटीत आठ दिवस बसू द्या, असंही सुचवलं.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "तात्या, गेल्या जत्रेत सुपारी ठरली तेवढीच दिली का?"

तात्या जत्रा कमिटीत आहेत. जरा चुळबुळले. "थोडे कापले. दहाला खेळ बंद करावा लागला ना."

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालचा. तो काय त्या फडानं केलेला नाही.

"दहाला बंद पडलं तर पैसे कापायचे, असं लिहून ठरलं होतं?"

"लिहून कसलं? वहीवर दोन ओळी असतात."

"कमिटीची वही मला बघायचीय."

वही सरपंचांच्या घरी आहे. संध्याकाळी आणून देतो, असं म्हणून तात्या उठले. माहितीपत्रक मात्र त्यांनी घडी करून खिशात घातलं.