चित्रीकरणस्थळ आणि प्रदेश : वाई परिसरातील चित्रपटांच्या निमित्ताने

‘प्रादेशिक’ ही संज्ञा मराठी समीक्षेने प्रामुख्याने कादंबरीच्या संदर्भात घडवली. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) किंवा व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यांना आपण प्रादेशिक म्हणतो, ते केवळ त्यांत कोकणाचे वा माणदेशाचे वर्णन येते म्हणून नव्हे. भूमी, बोली आणि त्या भूमीवर उभी राहिलेली जीवनव्यवस्था यांचा परस्परसंबंध तेथे कथेचा आधार होतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष भूमी असते. पण भूमी दिसली म्हणजे प्रदेश व्यक्त झाला, असे म्हणता येईल काय? सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात चित्रित झालेल्या काही चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातील चरणपूर हे उत्तर प्रदेशातील खेडे आहे. पडद्यावर दिसतो तो मात्र वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णाकाठ. प्रकाश झा यांच्या ‘गंगाजल’ (२००३) मधील तेजपूर बिहारमधील. भागलपूर येथे १९७९-८० मध्ये संशयितांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतल्याच्या प्रकरणाचे पडसाद त्यात आहेत; चित्रीकरण मात्र वाई-सातारा भागात झाले. ‘दबंग’ (२०१०) मधील उत्तर प्रदेशातले लालगंजही वाईतच साकारले. ‘चेन्नई एक्स्प्रेस’ (२०१३) या तमिळनाडूत घडणाऱ्या चित्रपटाचा काही भागही याच परिसरात चित्रित झाला.

वाईलाच ही भूमिका वारंवार का मिळाली? मुंबईहून एका दिवसात गाठता येणारे अंतर, नदी, डोंगर आणि जुनी वस्ती एकत्र असणे ही व्यावहारिक कारणे उघड आहेत. परंतु याहून खोल असे एक ऐतिहासिक कारणही आहे. वाईचे घाट व मंदिरे मुख्यतः अठराव्या शतकातील असून त्यांच्या उभारणीत रास्ते घराण्याचा मोठा वाटा आहे. मेणवलीचा वाडा आणि घाट नाना फडणीसांचे. याच शतकात काशीच्या अनेक घाटांची उभारणी वा पुनर्बांधणी पेशवे, होळकर, भोसले यांच्या आश्रयाने झाली. म्हणजे कृष्णाकाठ गंगाकाठासारखा दिसतो, यात निव्वळ योगायोग नाही. दोन्ही ठिकाणी मराठेशाहीचा आश्रय आहे. वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणण्याची परंपरा याच साम्याची साक्ष देते. शिवाय हिंदी व मराठी यांची लिपी एकच. त्यामुळे पाट्यांच्या अक्षरांवरूनही प्रेक्षकाला सहसा संशय येत नाही.

बदलावी लागते ती एकच गोष्ट : भाषा. येथेच या स्थलांतराची किंमत लक्षात येते. वाई ही प्राज्ञ पाठशाळेची भूमी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथूनच चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. मराठीतील ज्ञानव्यवहाराचे हे केंद्र पडद्यावर वारंवार येते, ते मराठीचा उच्चार वजा करून. घाट तोच, पिंपळ तोच, डोंगर तोच. बोलणारा मात्र दुसऱ्या प्रदेशाचा. अशा चित्रपटांत वाई हे ‘स्थळ’ असते, ‘प्रदेश’ नसतो.

यात दिग्दर्शकांवर दोषारोप करण्याचे कारण नाही. एका जागेने दुसऱ्या जागेचे सोंग घेणे ही चित्रपटाची जुनी रीत आहे. ‘स्वदेस’ला तर कोणत्याही भारतीय खेड्याचे प्रातिनिधिक रूप हवे होते. प्रश्न आहे तो आपल्या संज्ञेच्या वापराचा.

तुलनेसाठी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) घेता येईल. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात याचे बरेचसे चित्रीकरण झाले. उजनीच्या पाणलोटाकाठची ऊस-केळीची शेती येथे नुसती पार्श्वभूमी नाही. जमीन आणि सत्ता कोणाकडे आहे, पाटलाची मुलगी व मासेमाऱ्याचा मुलगा यांच्यातील अंतर कशाचे आहे, हे त्या भूदृश्यातूनच उलगडते. आर्चीची बोली तिच्या सामाजिक स्थानाचा आत्मविश्वास सांगते. उत्तरार्धात हे दोघे हैदराबादला पोचतात आणि तेलुगूच्या गर्दीत प्रथम मुकी होतात. प्रदेश सुटल्याची जाणीव प्रेक्षकाला भूदृश्याइतकीच भाषेतूनही होते. याच कथेची हिंदी आवृत्ती ‘धडक’ (२०१८) उदयपूरला नेण्यात आली. तलाव आणि वाड्यांचे नेत्रसुख तेथे आहे; परंतु मूळ कथेतील जातवास्तवाची धार तेथे बोथट झाली. स्थळाच्या जागी दुसरे स्थळ ठेवता येते; प्रदेशाच्या बाबतीत ते तितके सुकर नाही, हे यावरून दिसते.

या विवेचनातून अभ्यासकाला तीन प्रश्न हाती घेता येतील. पडद्यावरील भूमीत राहणाऱ्यांची भाषा पडद्यावर ऐकू येते काय? त्या भूमीतील श्रम, मालकी आणि सामाजिक उतरंड यांचा कथानकाशी कार्यकारणसंबंध आहे काय? आणि कथा अन्यत्र हलवली, तर तिचे काय उरते? हे प्रश्न कादंबरीलाही तितकेच लागू पडतात. गावाचे नाव, चार बोलीशब्द आणि निसर्गवर्णन एवढ्या भांडवलावर ‘प्रादेशिक’ ठरवल्या गेलेल्या कलाकृती आपल्याकडे थोड्या नाहीत. त्यांची फेरतपासणी करताना वाईच्या घाटाचे उदाहरण उपयोगी पडावे. सर्वांना दिसत असूनही एखादा प्रदेश अनुच्चारित कसा राहू शकतो, हे त्या घाटाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.