‘रिॲक्टिव्ह’ आलं म्हणजे नेमकं काय?

रक्तदान शिबिरात हौसेने रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला, ‘येऊन भेटा.’ कागदावर ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’. त्याच दिवशी घरात त्याचे ताट-तांब्या वेगळा झाला. “मला काय बी होत न्हाई, मग हे कसलं दुखणं?” हा त्या शेतकऱ्याचा सवाल.

मंडळी, ताट वेगळे करायचे कारणच नाही. हिपॅटायटिस सी ही कावीळ पंगतीतून वा पाण्यातून पसरत नाही. ती रक्तातून जाते : एकच सुई अनेकांना टोचणे, गोंदण, नीट न उकळलेली अवजारे, आणि २००१ मध्ये तपासणी सक्तीची होण्यापूर्वी चढवलेले रक्त. सरपंच आणि आशाताईंनी एवढे जरी गावात सांगितले तरी पुष्कळ.

आता कागदाकडे वळू. पहिली तपासणी अँटिबॉडीची. उसाच्या कडेला डुकराचे पाय उमटलेले दिसले, म्हणून डुक्कर अजून फडातच आहे असे नसते. तसेच हे. काहींच्या अंगातून विषाणू आपोआप जातो, खूण मात्र राहते. फडात डुक्कर आहे की नाही, हे ‘व्हायरल लोड’ सांगतो. त्यात ‘नॉट डिटेक्टेड’ आले तर औषधाची गरज नाही. लाखांत आकडा आला तरी हबकू नये. आकडा मोठा म्हणजे यकृत जास्त बिघडले, असा हिशेब नाही.

यकृताची कळा वेगळ्याच कागदांवर दिसते. एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून बिनघोर राहू नये. प्लेटलेट बघा. (डेंग्यूने हा शब्द पोरासोरांनाही पाठ करून दिला आहे!) गणित सोपे आहे : एसजीओटी ८० आणि प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४०, म्हणजे भागाकार २. त्याला हजारांतल्या प्लेटलेटने, समजा १०० ने, भागून १०० ने गुणले की उत्तर २. दोन किंवा त्यावर गेले की यकृत निबर झाल्याचा, म्हणजे सिऱ्होसिसचा संशय.

सोनोग्राफीत ‘कोअर्स’ यकृत, वाढलेली पाणथरी किंवा पोटात पाणी लिहिले असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ‘फॅटी लिव्हर’ म्हणजे चरबी. त्यावरून विषाणू आहे की नाही ते कळत नाही. फायब्रोस्कॅन यकृताचा कडकपणा मोजतो. साधारण साडेबारा किलोपास्कलच्या वर सिऱ्होसिस धरतात. त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नये, जेवून गेल्यास आकडा फुगतो.

एवढा खटाटोप कशाला? औषध त्यावर ठरते. यकृत निबर नसेल तर सोफॉसबुविर-डॅक्लाटासविर बारा आठवडे. सिऱ्होसिस असेल तर डॅक्लाटासविरऐवजी वेल्पाटासविर. पोटात पाणी असेल तर जोडीला रिबाविरिन किंवा चोवीस आठवडे, तेही तज्ज्ञांच्या नजरेखाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय मात्र गोळी सुरू करू नये. ‘सी’ गेला की निजलेला ‘बी’ उठू शकतो. हृदयाची अमिओडेरोनची गोळी चालू असेल तर तेही सांगावे.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा. अँटिबॉडी परत करू नये, ती बरे झाल्यावरही ‘रिॲक्टिव्ह’च येते. त्यामुळे रक्तदान मात्र पुन्हा करता येत नाही.